तारीख आणि वेळ हाताळताना टाइमझोन कसा जपावा

सॉफ्टवेअर लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला तारीख आणि वेळ हा विषय सोपा वाटतो, कारण प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी तयार प्रकार असतो, डेटाबेसमध्ये तसा कॉलम असतो आणि स्वतःच्या संगणकावर सगळे बरोबर दिसत असते. अडचण उभी राहते ती दुसऱ्या देशातला वापरकर्ता आल्यावर, सर्व्हर दुसरीकडे हलवल्यावर किंवा काही देशांत घड्याळे पुढे-मागे केली जातात त्या दिवशी. आपण साठवलेली ‘सकाळी ९’ ही वेळ कुठली होती, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नाही. हरवलेला टाइमझोन नंतर खात्रीने परत मिळवता येत नाही, त्यामुळे तो पहिल्या नोंदीपासूनच जपावा लागतो. पुढे दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत ज्या क्रमाने वेळेची माहिती प्रोग्राममधून प्रवास करते. टाइमझोनची आणि फंक्शनांची नावे येथे देवनागरीत लिहिली असली, तरी प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची आहेत.

पायरी १: आपल्याकडची वेळ कोणत्या जातीची आहे ते ठरवा

कोड लिहिण्यापूर्वी हा विचार करायला हवा, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक चुका तो न केल्यामुळे होतात. ‘वेळ’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे क्षण. पैसे खात्यातून वळते झाले, वापरकर्त्याने लॉगिन केले, सेन्सरने तापमान टिपले, या घटना काळाच्या रेषेवरच्या एका बिंदूवर घडतात आणि तो बिंदू सर्व जगासाठी एकच असतो. संगणकात तो बहुधा १ जानेवारी १९७० रोजी यूटीसीच्या (जगभरातली घड्याळे ज्या प्रमाणवेळेवरून मोजली जातात तिच्या) मध्यरात्रीपासून किती सेकंद किंवा मिलिसेकंद उलटले, अशा संख्येने मांडतात. या संख्येत टाइमझोन नसतो, आणि क्षण ओळखण्यासाठी त्याची गरजही नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या ठिकाणाशी बांधलेली घड्याळी वेळ. ‘दर मंगळवारी सकाळी ९ वाजता न्यूयॉर्कच्या कार्यालयात बैठक’ असे कोणी ठरवतो, तेव्हा त्याच्या मनात काळाच्या रेषेवरचा बिंदू नसून न्यूयॉर्कच्या भिंतीवरचे घड्याळ असते. त्या घड्याळाचे नियम बदलले, तर बैठकीचा क्षणही बदलायला हवा.

तिसरी गोष्ट म्हणजे नुसती तारीख. जन्मतारीख, करार संपण्याची तारीख, सुट्टीचा दिवस यांना वेळही नसते आणि टाइमझोनही नसतो, आणि तो त्यांना चिकटवू नये. जावास्क्रिप्टमध्ये ‘१९९०-०६-१५’ ही नुसती तारीख डेट या प्रकारात वाचली, तर ती यूटीसीची मध्यरात्र समजली जाते; न्यूयॉर्कमधल्या ब्राउझरमध्ये तीच तारीख मग १४ जून, रात्री ८ वाजता अशी दिसते आणि माणसाचा वाढदिवस एक दिवस अलीकडे सरकतो. याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, त्याच मजकुराला वेळ जोडली पण टाइमझोन जोडला नाही, तर जावास्क्रिप्ट तो स्थानिक वेळ म्हणून वाचते. म्हणून नुसत्या तारखेसाठी नुसत्या तारखेचाच प्रकार वापरावा: डेटाबेसमध्ये डेट, जावामध्ये लोकलडेट, पायथनमध्ये डेट.

आपल्या प्रोग्राममधल्या वेळेच्या प्रत्येक फील्डसमोर या तीनपैकी एक शब्द लिहून काढा. जिथे शब्द सुचत नाही, तिथे गरजच नीट कळलेली नाही असे समजावे आणि ज्यांच्यासाठी काम चालू आहे त्यांना विचारावे.

पायरी २: ऑफसेट आणि टाइमझोन यांतला फरक ओळखा

ऑफसेट म्हणजे यूटीसीपासूनचे अंतर: अधिक ५ तास ३० मिनिटे, उणे ४ तास वगैरे. ते अंतर एका विशिष्ट क्षणापुरते खरे असते. टाइमझोन म्हणजे एखाद्या प्रदेशाने आजवर पाळलेल्या आणि पुढे पाळायच्या ठरवलेल्या ऑफसेटांचा सगळा इतिहास आणि नियम. न्यूयॉर्कचा ऑफसेट हिवाळ्यात उणे ५ तास आणि उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरते घड्याळ पुढे नेण्याची पद्धत) चालू असताना उणे ४ तास असतो. दोन्ही ऑफसेट एकाच टाइमझोनचे आहेत. त्यामुळे ‘उणे ५’ एवढेच साठवले, तर ती नोंद न्यूयॉर्कची, लिमाची की आणखी कुठली, हे त्यातून कळत नाही, आणि सहा महिन्यांनंतरची वेळ काढता येत नाही.

हे सर्व नियम एका सार्वजनिक माहितीसाठ्यात नोंदवलेले आहेत. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेला आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळलेला हा साठा २०११ पासून इंटरनेटची नावे आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या छत्राखाली प्रसिद्ध होतो, आणि बहुतेक कार्यप्रणाली आणि भाषा तोच वापरतात. त्यातली नावे ‘अमेरिका/न्यू_यॉर्क’, ‘युरोप/लंडन’, ‘एशिया/कोलकाता’ अशी, म्हणजे बहुतांशी खंड आणि शहर या स्वरूपाची असतात. साठवायचे ते हेच नाव.

तीन अक्षरी संक्षेप मात्र कधीही साठवू नयेत. आयएसटी हा संक्षेप भारताच्या, आयर्लंडच्या आणि इस्राएलच्या वेळेसाठी वापरला जातो. सीएसटी हा अमेरिकेच्या मध्य भागासाठी, चीनसाठी आणि क्यूबासाठीही. संगणकाने त्यातला कुठला समजावा, याला उत्तर नाही. ‘ईटीसी/जीएमटी+५’ अशा नावांपासूनही दूर राहावे, कारण जुन्या प्रथेमुळे त्यांतले चिन्ह उलटे असते आणि या नावाचा अर्थ यूटीसीच्या ५ तास मागे असा होतो. विंडोजची टाइमझोनांची नावे वेगळी असतात. ती बाहेरून आली तर आत घेतानाच आयएएनएच्या नावात रूपांतरित करावीत.

पायरी ३: माहिती आत येतानाच टाइमझोन पकडा

वापरकर्त्याने फॉर्ममध्ये तारीख आणि वेळ भरली, की त्याच क्षणी ती कोणत्या टाइमझोनमधली आहे हेही नोंदवले पाहिजे. ब्राउझरमध्ये इंटल.डेटटाइमफॉरमॅटच्या रिझॉल्व्हडऑप्शन्समधून टाइमझोनचे आयएएनए नाव मिळते. अनेक जण त्याऐवजी गेटटाइमझोनऑफसेट वापरतात. त्यातून फक्त मिनिटांतला ऑफसेट मिळतो आणि तोही उलट्या चिन्हाचा, म्हणजे यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या ठिकाणी उणे ३३०. पायरी २ मध्ये सांगितलेल्या कारणाने तो पुरेसा नाही.

ब्राउझरचा टाइमझोन हा फक्त अंदाज आहे, हेही ध्यानात ठेवावे. प्रवासात असलेला माणूस लंडनमध्ये बसून टोकियोतल्या बैठकीची वेळ ठरवत असू शकतो. म्हणून ब्राउझरने सुचवलेला टाइमझोन फॉर्ममध्ये दिसू द्यावा आणि वापरकर्त्याला तो बदलता यावा. सर्व्हरचा स्वतःचा टाइमझोन मात्र या निर्णयात कुठेही येऊ देऊ नये. सर्व्हर यूटीसीवर ठेवणे चांगलेच, पण कोडचे वागणे त्या सेटिंगवर अवलंबून असेल, तर दुसऱ्या यंत्रावर तोच कोड वेगळे उत्तर देईल.

पायथनमध्ये टाइमझोन नसलेल्या वेळेला ‘नाईव्ह’ आणि असलेल्या वेळेला ‘अवेअर’ म्हणतात. आत आलेली प्रत्येक क्षणदर्शक वेळ ताबडतोब अवेअर करावी. यूटीसीनाऊ हे जुने फंक्शन नावाने यूटीसी सांगत असले तरी नाईव्ह वेळ परत करते, आणि म्हणूनच ३.१२ या आवृत्तीपासून ते टाळण्याची सूचना मिळते. त्याऐवजी नाऊ या फंक्शनला यूटीसीचा टाइमझोन द्यावा. ३.९ पासून झोनइन्फो हे मॉड्यूल भाषेबरोबरच येते. जुन्या कोडमध्ये पायटीझेड ही टाइमझोनची लायब्ररी दिसली तर सावध राहावे: त्यातला टाइमझोन थेट वेळेला जोडला, तर कोलकात्यासाठी ५ तास ३० मिनिटांऐवजी प्रमाणवेळ ठरण्यापूर्वीचा ५ तास ५३ मिनिटांचा ऑफसेट लागू होतो. तिथे लोकलाइझ हे फंक्शनच वापरावे लागते.

पायरी ४: साठवताना हेतू साठवा

‘सगळे काही यूटीसीमध्ये साठवा’ हा सल्ला नवशिक्याला पहिल्याच दिवशी मिळतो. घडून गेलेल्या क्षणांसाठी तो योग्य आहे. पुढे घडायच्या, ठिकाणाशी बांधलेल्या वेळांसाठी तो चुकीचा आहे, आणि याचे एक खरेखुरे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये देशाच्या बहुतांश भागात उन्हाळी वेळ बंद केली. समजा, त्याआधीच्या जून महिन्यात कोणी १० मे २०२३ रोजी सकाळी १० वाजता मेक्सिको सिटीत भेट ठरवली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्या दिवशी ऑफसेट उणे ५ तास असणार होता, म्हणून प्रोग्रामने यूटीसीचे १५:०० साठवले आणि मूळ ‘सकाळी १०’ टाकून दिले. नियम बदलल्यावर त्या दिवशीचा ऑफसेट उणे ६ तास झाला, आणि प्रोग्राम भेटीची वेळ सकाळी ९ दाखवू लागला. भेट ठरवणाऱ्या दोघांच्या बोलण्यात मात्र १० हाच आकडा होता. माहितीसाठा अद्ययावत होता, गणित अचूक होते, तरी उत्तर चुकले, कारण माणसाने जे सांगितले ते साठवलेच गेले नव्हते.

असे बदल वरचेवर होतात. तुर्कस्तानने २०१६ मध्ये उन्हाळी वेळच कायमची स्वीकारली. जॉर्डन आणि सीरियाने २०२२ मध्ये तसेच केले. पूर्वी सोडून दिलेली उन्हाळी वेळ इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा आणली. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून संपूर्ण देशात एकच वेळ लागू केली. काही वेळा सरकारचा निर्णय आणि त्याची अंमलबजावणी यांत थोडेच दिवस असतात.

म्हणून भविष्यातल्या, ठिकाणाशी बांधलेल्या वेळेसाठी दोन कॉलम ठेवावेत: एकात टाइमझोनविना स्थानिक तारीख-वेळ आणि दुसऱ्यात आयएएनएचे नाव. क्रम लावण्यासाठी किंवा वेळेवर सूचना पाठवण्यासाठी यूटीसीतला क्षण लागतोच. तो तिसऱ्या कॉलममध्ये ठेवावा, पण तो या दोघांपासून काढलेला आहे आणि नियम बदलल्यावर पुन्हा काढायचा आहे, हे टेबलाच्या वर्णनात लिहून ठेवावे. पुन्हा पुन्हा होणाऱ्या बैठकींसाठी तर दुसरा मार्गच नाही. न्यूयॉर्कची मंगळवारची ९ ची बैठक जानेवारी २०२६ मध्ये ‘दर मंगळवारी यूटीसी १४:००’ अशी साठवली, तर ८ मार्चला तिथले घड्याळ पुढे गेल्यावर ती १० वाजता दिसू लागेल.

डेटाबेसमधल्या प्रकारांची नावे या बाबतीत फसवी आहेत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ असा प्रकार आहे. नावावरून वाटते की त्यात टाइमझोन साठतो. प्रत्यक्षात तो आलेली वेळ यूटीसीत बदलून ८ बाइटमध्ये ठेवतो, मूळ टाइमझोन टाकून देतो आणि वाचताना सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) टाइमझोनमध्ये दाखवतो. क्षणासाठी हाच प्रकार वापरावा, फक्त टाइमझोनचे नाव हवे असेल तर वेगळा कॉलम लागेल. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प हा प्रकार सेशनच्या टाइमझोनमधून यूटीसीत रूपांतर करतो आणि १९ जानेवारी २०३८ च्या पुढे जात नाही. डेटटाइम कोणतेच रूपांतर करत नाही. एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइमऑफसेट ऑफसेट जपतो, टाइमझोनचे नाव जपत नाही.

घडून गेलेल्या घटनेसाठीही कधी कधी स्थानिक वेळ महत्त्वाची असते. छायाचित्र पहाटे काढले की संध्याकाळी, कामगाराची पाळी रात्रीची होती की दिवसाची, या प्रश्नांची उत्तरे नुसत्या यूटीसीतून मिळत नाहीत. छायाचित्रांसोबत माहिती साठवणाऱ्या एक्झिफ या मानकात ऑफसेट लिहिण्याची सोयच २०१६ पर्यंत नव्हती, आणि जुनी छायाचित्रे वेळेनुसार लावताना त्याचा त्रास आजही होतो. असा प्रश्न पुढे कोणी विचारेल अशी थोडी जरी शक्यता असली, तरी टाइमझोनचे नाव साठवून ठेवावे.

पायरी ५: एका प्रोग्राममधून दुसऱ्यात पाठवताना

एपीआयमधून (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या मार्गातून) क्षण पाठवताना आरएफसी ३३३९ या इंटरनेट मानकाचे स्वरूप वापरावे: वर्ष, महिना, दिवस, मग टी हे अक्षर, मग वेळ, आणि शेवटी झेड (म्हणजे यूटीसी) किंवा ऑफसेट. शेवटचा भाग नसलेला मजकूर आला तर तो नाकारावा. अंदाजाने स्वीकारू नये. टाइमझोनचे नावही पाठवायचे असेल, तर ते वेगळ्या फील्डमध्ये द्यावे किंवा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९५५७ प्रमाणे ऑफसेटनंतर चौकटी कंसात लिहावे. जावाचा झोन्डडेटटाइम आणि जावास्क्रिप्टमध्ये नव्याने येत असलेला टेम्पोरल या दोघांना कंसातले नाव समजते.

मधली लायब्ररी काय करते, हे मात्र स्वतः तपासावे. जावामध्ये जेसन (माहिती मजकुराच्या रूपात पाठवण्याचे एक स्वरूप) वाचणारी जॅक्सन ही लायब्ररी मूळ सेटिंगप्रमाणे आलेली वेळ आपल्या टाइमझोनमध्ये, म्हणजे सहसा यूटीसीत, बदलून देते. पाठवणाऱ्याने अधिक ५:३० लिहिलेले असते आणि आपल्या हाती झेड येते. क्षण तोच राहतो, चाचण्या पास होतात, आणि ऑफसेट मात्र निघून गेलेला असतो. ‘ॲडजस्ट डेट्स टू कॉन्टेक्स्ट टाइम झोन’ हे सेटिंग बंद केल्यावर मूळ ऑफसेट टिकतो.

पायरी ६: गणित करताना कोणता दिवस, ते विचारा

‘एक दिवस नंतर’ आणि ‘२४ तासांनंतर’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ७ मार्च २०२६ च्या दुपारी १२ पासून ८ मार्चच्या दुपारी १२ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये २३ तासच होतात, कारण मधल्या रात्री घड्याळ २ वरून थेट ३ वर जाते. बैठक उद्यावर ढकलायची असेल तर स्थानिक तारखेत एक दिवस मिळवावा. औषधाचा पुढचा डोस २४ तासांनी द्यायचा असेल तर क्षणात तास मिळवावेत.

पायथनमध्ये येथे एक खोल खड्डा आहे. दोन अवेअर वेळांना एकच टाइमझोन जोडलेला असेल, तर त्यांची वजाबाकी घड्याळी वेळेवर होते आणि वरच्या उदाहरणात उत्तर २४ तास येते. खरा कालावधी हवा असेल, तर दोन्ही वेळा आधी यूटीसीत बदलून मग वजाबाकी करावी.

घड्याळ पुढे नेले की काही स्थानिक वेळा अस्तित्वातच राहत नाहीत, आणि मागे आणले की काही वेळा दोनदा येतात. न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ ला पहाटेचे २:३० वाजतच नाहीत. १ नोव्हेंबरला पहाटेचे १:३० दोनदा वाजतात, एकदा यूटीसी ५:३० ला आणि पुन्हा ६:३० ला. जावा पहिल्या प्रसंगी वेळ पुढे ढकलून ३:३० करते आणि दुसऱ्या प्रसंगी दोनपैकी आधीचा क्षण निवडते. पायथनमध्ये फोल्ड या गुणधर्माने दोन्हीतला एक निवडता येतो, पण अस्तित्वात नसलेल्या वेळेबद्दल ती भाषा स्वतःहून तक्रार करत नाही. टेम्पोरलमध्ये अशी वेळ नाकारण्याचाही पर्याय आहे. कोणता पर्याय योग्य हे कामावर ठरते. रात्रीचा बॅकअप पुढे ढकलला तर चालतो, पण पैशांचा व्यवहार दोनदा होऊन चालत नाही. निर्णय कोडमध्ये स्पष्ट लिहिलेला असावा.

पायरी ७: दाखवताना

टाइमझोनमध्ये रूपांतर अगदी शेवटी, पडद्यावर दाखवतानाच करावे, आणि दाखवलेल्या वेळेजवळ ठिकाणाचे नाव लिहावे. रूपांतर केलेला मजकूर परत डेटाबेसमध्ये जाऊ देऊ नये.

पायरी ८: चाचण्या आणि अद्ययावत माहितीसाठा

केवळ आपल्या टाइमझोनमध्ये चाचण्या चालवल्या, तर त्या काहीच सिद्ध करत नाहीत. चाचण्यांचा संपूर्ण संच यंत्राचा टाइमझोन बदलून निदान तीन वेळा चालवावा: यूटीसी, न्यूयॉर्क आणि पॅसिफिक/किरितिमाती, जिथे ऑफसेट अधिक १४ तास आहे. ऑफसेट पूर्ण तासांचाच असतो असे कोणी कोडमध्ये गृहीत धरले असेल, तर नेपाळचे ५ तास ४५ मिनिटे ते उघडे पाडतील. घड्याळ तासानेच सरकते हे गृहीतक ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर मोडते, कारण तिथे ते अर्ध्या तासाने सरकते. आणि प्रत्येक तारीख अस्तित्वात असते, असे मानणाऱ्या कोडला सामोआची ३० डिसेंबर २०११ द्यावी. दिनांक रेषेची बाजू बदलण्यासाठी त्या देशाने तो दिवस पूर्णपणे वगळला होता.

माहितीसाठ्याच्या आवृत्त्यांना वर्ष आणि अक्षर मिळून नाव दिले जाते आणि त्या वर्षातून अनेकदा निघतात. कार्यप्रणाली, जावाचे रनटाइम, पायथनचे टीझेडडेटा पॅकेज, ब्राउझर आणि डेटाबेस यांच्याकडे आपापली प्रत असू शकते. कंटेनरची प्रतिमा (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायलींचा तयार गठ्ठा) दोन वर्षे बदललेली नसेल, तर तिच्यातले नियमही दोन वर्षांपूर्वीचेच असतात. नवी आवृत्ती बसवल्यावर पायरी ४ मधला काढलेला कॉलम पुन्हा मोजणारे काम चालवावे.

जुन्या नोंदींत टाइमझोन नसेल तर

अनेकांना कोऱ्या पाटीपासून सुरुवात करता येत नाही. हाती वर्षानुवर्षांच्या टाइमझोनविना नोंदी असतात. अशा वेळी मूळ कॉलमला हात लावू नये. आधी नोंद कोणत्या प्रोग्रामने आणि कोणत्या सर्व्हरवरून लिहिली ते शोधावे, सर्व्हरचे टाइमझोन सेटिंग कधी बदलले किंवा तो कधी हलवला गेला याच्या तारखा मिळवाव्यात, आणि प्रत्येक कालखंडासाठी टाइमझोन ठरवून नवा कॉलम भरावा. नोंदींच्या क्रमांकांचा क्रम आणि ठरवलेल्या टाइमझोनप्रमाणे येणारा वेळांचा क्रम जुळतो का, यावरून अंदाज तपासता येतो. घड्याळ मागे आणलेल्या तासातल्या नोंदी दोनपैकी कोणत्या क्षणाच्या, हे कधी कधी क्रमांकावरूनही ठरत नाही. अशा नोंदींसाठी ‘अंदाजित’ अशी खूण ठेवणारा आणखी एक कॉलम जोडावा, आणि कालावधी मोजणारा प्रत्येक अहवाल त्या खुणेकडे पाहील अशी व्यवस्था करावी.